द्वंद्व समासातील उत्तरपद : सरस्वतीबाई राणे यांचे गायन आणि चरित्रलेखनाचा प्रश्न

द्वंद्व समासाचे वेगळेपण सांगताना वैयाकरण दोन्ही पदांना सारखेच प्राधान्य देतात. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान, बहुव्रीहीत समासाबाहेरचेच कोणी प्रधान. द्वंद्वात मात्र दोघेही प्रधान. पण पदांच्या क्रमाचा प्रश्न आला की ही समता किंचित ढळते. पाणिनीच्या समासविषयक सूत्रांना जोडलेल्या वार्त्तिकांत, भावांच्या नावांचा द्वंद्व करताना थोरल्याचे नाव आधी ठेवावे असा संकेत नोंदवलेला आहे. जो अधिक आदरणीय त्याचे नाव आधी यावे, असाही आहे. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने दोघे समान, उच्चारात मात्र एक आधी आणि दुसरा मागाहून. हिंदुस्थानी संगीतातील भावंडांच्या जोड्यांनी हा संकेत कोणी न सांगता पाळलेला दिसतो. नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमिनुद्दीन डागर, नजाकत अली आणि सलामत अली, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. ही नावे उलट क्रमाने उच्चारली तर कानाला चुकल्यासारखे वाटते.

मराठीत दोन आवाजांच्या गीताला ‘द्वंद्वगीत’ म्हणतात. त्या शब्दात जोडीही आहे आणि झुंजही. ‘जुगलबंदी’ या शब्दाभोवतीही व्यवहारात चढाओढीचाच अर्थ साचला आहे; दोन वादक समोरासमोर बसले की श्रोते कोण कोणाला मागे टाकतो याची वाट पाहू लागतात. भावंडांच्या गायनाला ही कल्पना लागू पडत नाही, म्हणून काही जाणकार ‘सहगायन’ हा सौम्य शब्द पसंत करतात. पण ‘सहगायन’ म्हटल्याने क्रमाचा प्रश्न मिटत नाही. जोडीतल्या दुसऱ्या नावाचे जीवन, त्याची घडण, त्याचे स्वतःचे गाणे यांचे आकलन समीक्षेने कोणत्या परिभाषेत करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. संगीतसमीक्षेप्रमाणेच चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या घडणीशीही त्याचा संबंध आहे. सरस्वतीबाई राणे (१९१३–२००६) यांच्या कारकीर्दीचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे, कारण भावंडांच्या जोडीविषयीचे बहुतेक प्रचलित समज त्यांच्या बाबतीत उलटे पडतात.

प्रथम नावांचा विचार करू जाता, जोडीची ओळख नावात कशी उमटते हेच येथे वेगळे असल्याचे दिसते. ‘डागर बंधू’ म्हटले की आडनावातच नाते, घराणे आणि वारसा तिन्ही आले. येथे एकीचे आडनाव ‘बडोदेकर’, दुसरीचे ‘राणे’, त्यांचे बंधू ‘माने’, आणि वडील अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७). एका घरातल्या माणसांची नावे इतकी विखुरलेली असण्यामागे त्या घराचा इतिहास आहे. किराणा गावातून आलेले तरुण गायक अब्दुल करीम खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बडोदे दरबारी होते. तेथेच ताराबाई माने या सरदार घराण्यातील मुलीला ते गाणे शिकवू लागले आणि पुढे दोघांनी १८९८ साली बडोदे सोडले. त्यांना पाच अपत्ये झाली. काही वर्षांनी ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकिनाची सरस्वती. धाकटे बंधू कृष्णराव माने म्हणून ओळखले गेले. ‘बडोदेकर’ हे आडनाव वंश सांगत नाही, गाव सांगते. आणि तेही असे गाव, की जे सोडल्यामुळे हे कुटुंब अस्तित्वात आले. ‘राणे’ हे विवाहानंतरचे. तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर या दोन बहिणींची नावे शेजारी छापलेली पाहणाऱ्या अनभिज्ञ वाचकाला त्या सख्ख्या बहिणी आहेत हे नावांवरून कळण्याची सोय नव्हती. ते कळायचे ते गाण्यातून.

सकिनाचे घरातले लाडके नाव ‘छोटूताई’ असे होते. ‘छोटी’ही आणि ‘ताई’ही, असा हा विरोधाभास मराठी घरांत अनेकदा आढळतो व कोणाला खटकत नाही. येथे मात्र तो सूचक ठरतो.

सरस्वतीबाईंच्या सांगीतिक शिक्षणाची हकीकत सांगताना ‘किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या’ अशी सुरुवात करण्याची प्रथा आहे. ती वंशदृष्ट्या खरी, पण शिक्षणदृष्ट्या दिशाभूल करणारी आहे. आईवडील विभक्त झाले तेव्हा त्या लहान होत्या. वडिलांची पद्धतशीर तालीम त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांना गाणे मिळाले ते प्रामुख्याने थोरले बंधू सुरेशबाबू (१९०२–१९५३) आणि थोरली बहीण हिराबाई (१९०५–१९८९) यांच्याकडून. या दोघांनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले होते. किराण्यातील संथ, एकेका स्वराभोवती रेंगाळत पुढे सरकणारी बढत ही वहीद खाँ यांची खासियत. म्हणजे धाकट्या मुलीकडे घराण्याची विद्या आली ती वडिलांकडून थेट नव्हे, तर आडव्या वाटेने आली. पुढे त्यांनी जयपूर परंपरेतील नत्थन खाँ, मास्टर कृष्णराव आणि प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडेही शिक्षण घेतले. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य, देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. किराण्याच्या घरात वाढलेल्या गायिकेने जयपूर, भास्करबुवा आणि पलुस्कर या तीन वेगळ्या प्रवाहांतून घेतलेले शिक्षण ‘घराण्याची शुद्धता’ मानणाऱ्या समीक्षेला अडचणीचे वाटले असावे. निदान त्याचा फारसा विचार झालेला दिसत नाही.

घराण्यांविषयीचे मराठी लेखन वंशवृक्षाच्या रूपकावर उभे आहे. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, शिष्य, प्रशिष्य अशी वरून खाली येणारी रेषा त्यात असते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाने घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली आणि किराण्याला स्वराच्या टोकाशी ठेवले. मराठी संगीतविचाराला या ग्रंथाने दिलेली शिस्त मोलाची आहे. तथापि शैलींचे असे अक्ष ठरवले की प्रत्येक घराण्याचे एक-दोन प्रातिनिधिक आवाज पुरेसे होतात. बाकीचे त्यांच्या आसपास जमा होतात. चरित्रग्रंथांतही तेच घडते. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र १९७२ साली सिद्ध केले. ते शिष्याने गुरूचे लिहिलेले चरित्र आहे आणि त्याची दृष्टी साहजिकच शिष्याची आहे. राजाराम हुमणे यांचे हिराबाईंवरील ‘धन्य जन्म जाहला’ हे पुस्तक १९८० चे. एक पुस्तक वडिलांचे, दुसरे बहिणीचे. ज्या चरित्रात नायक एकच असावा लागतो त्यात भावंडे ही पार्श्वभूमी असतात, आणि पार्श्वभूमीला शिक्षण, निवड, मतभेद असे काही नसते. भावंडाने भावंडाला शिकवणे ही घटना या साच्यात नोंदवली जाते, पण तिचा अर्थ लावला जात नाही. भाऊ गुरू झाला तर तो भाऊ राहतो का? बहिणीला जोडीदार म्हणून शेजारी बसवताना तिच्या शिष्यत्वाचे काय होते? हे प्रश्न येथे निर्णायक आहेत.

सरस्वतीबाईंच्या कारकीर्दीचा कालक्रमही सांकेतिक कथेशी जुळत नाही. भावंडांच्या जोडीची सर्वपरिचित कथा अशी असते : बालपणापासून दोघे एकत्र गातात, एकत्र नाव मिळवतात, मग मृत्यू किंवा मतभेद यांमुळे जोडी तुटते आणि उरलेला आवाज एकटा पडतो. सरस्वतीबाईंची सुरुवात रंगभूमीवर झाली. वयाच्या सातव्या वर्षापासून त्यांनी ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ अशा संगीत नाटकांत भूमिका केल्या. ताराबाईंच्या पुढाकाराने विसाच्या दशकाच्या अखेरीस या कुटुंबाने स्वतःची नाटक मंडळी काढली, तीत भावंडांनी कामे केली. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचा प्रघात दृढ असताना स्त्रियांनी स्त्रीभूमिका करणे हे त्या मंडळीचे वैशिष्ट्य होते. मंडळी मात्र फार काळ टिकली नाही. १९३३ पासून सरस्वतीबाई नभोवाणीवर गाऊ लागल्या आणि हा संबंध १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा दशके, राहिला. चित्रपटांतही त्यांनी पार्श्वगायन केले. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटात शंकरराव व्यास यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी गायिलेले, वीणेला उद्देशून असलेले भीमपलासातील गीत देशभर पोचले. मराठी न समजणाऱ्या, किराणा घराणे हे नावही न ऐकलेल्या उत्तर भारतातील श्रोत्यांना त्यांचा आवाज परिचित झाला तो या एका गीतामुळे, आणि तो एकटीचा आवाज म्हणून. पार्श्वगायनात गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही हे खरे. पण त्यामुळे त्या आवाजाला कोणाची धाकटी बहीण हे विशेषणही चिकटत नाही. चित्रपटाने त्यांना दिलेल्या या मोकळेपणाची दखल संगीतसमीक्षेने घेतली नाही, कारण चित्रपटगीत हे ‘गंभीर’ कारकिर्दीच्या हिशेबात धरायचे नाही असा संकेत होता.

त्या गीतातील गाण्याकडे पाहिले तर रागविस्ताराला जेमतेम तीन मिनिटांच्या चौकटीत वाव नसतानाही किराण्याची आस टिकून राहते. स्वरावर पोचण्याची घाई नाही. कोमल निषादाकडून षड्जाकडे जाताना आवाज किंचित थांबतो, मग सरकतो. हा गुण बहिणीकडून आलेला आहे असे म्हणावे, तर ते खरेच आहे. पण शब्दांचे उच्चारण आणि लयीशी असलेली मोकळी जवळीक रंगभूमीची आहे. लहानपणी नाट्यपद म्हणताना प्रेक्षागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचवावा लागे. ध्वनिक्षेपकाने ती गरज संपवली, तरी शब्दाला धरून ठेवण्याची सवय राहिली.

हिराबाईंसमवेत सरस्वतीबाईंचे नियमित सहगायन सुरू झाले ते १९६५ च्या सुमारास आणि १९८० पर्यंत चालले. म्हणजे जोडी जमली तेव्हा थोरली बहीण साठीची होती आणि धाकटी बावन्नची. त्याच वर्षी हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० साली त्या पद्मभूषण झाल्या. हिंदुस्थानी संगीतात ख्यालाची मैफल दोन स्त्रियांनी एकत्र करण्याचा पायंडा या दोघींनी पाडला असे मानले जाते. बाईने तिकिटे लावून सार्वजनिक मैफल करणे, बैठकीत हावभाव न करता, नऊवारी लुगड्यात, तंबोऱ्यांच्या मध्ये स्थिर बसून गाणे, ही प्रतिष्ठेची चौकट हिराबाईंनी आधीच घडवली होती. त्या चौकटीत आता एकीऐवजी दोघी बसल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. हिराबाई या मोठ्या गायिका होत्या याविषयी वाद नाही, आणि सरस्वतीबाईंचे स्थान ठरवताना ते मोठेपण कमी करून दाखवण्याची गरज नाही. द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान असतात याचा अर्थ दोन्ही पदांची योग्यता सारखी असते असा नव्हे. एक पद काढून घेतले तर समास उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ख्यालाच्या सहगायनात नेमके काय घडते? विलंबित लयीच्या आवर्तनात एक गायिका स्वरांची एखादी आकृती मांडते आणि ती पुरती बंद न करता सोडते. दुसरीने ती जिथे सोडली तिथूनच उचलायची असते, पण तिची पुनरुक्ती करायची नसते. समेवर येताना मुखडा दोघींनी मिळून घ्यायचा. म्हणजे एका आवर्तनात स्वातंत्र्य, संयम आणि एकत्र येणे या तिन्हींची परीक्षा होते. किराण्याच्या पद्धतीत ती अधिक कठीण, कारण येथे एकेका स्वराचा अवकाश हळूहळू व्यापायचा असतो. थोरलीने गंधारापर्यंत आणून ठेवले असेल तर धाकटीने उतावीळपणे पंचमाकडे धाव घेऊन चालत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आज्ञाधारकपणा वाटतो. प्रत्यक्षात अपुरे वाक्य ऐकून त्याचे उरलेले अर्थ ओळखण्याचे हे काम आहे, आणि ते करायला वाक्य सुरू करणाऱ्याइतकीच राग-जाण लागते. संभाषणात दुसऱ्याचे वाक्य पुरे करणारा माणूस आगाऊ ठरतो. सहगायनात तसे न करणारा असमर्थ ठरतो.

शिवाय जिच्याकडून शिकलो तिच्याच शेजारी बसून गायचे होते. मैफलीत गुरूच्या मागे बसून शिष्याने साथ देणे ही परंपरेतील नेहमीची व्यवस्था आहे. तीत शिष्याने गुरूची जागा भरायची, स्वतःची मांडायची नाही. मागच्या जागेवरून शेजारच्या जागेवर येणे हे अंतर फुटांत मोजले तर नगण्य, पण मैफलीच्या व्यवस्थेत ते फार मोठे आहे. सरस्वतीबाई ज्या वयात या जागेवर आल्या त्या वयात त्यांच्यामागे रंगभूमी, तीन दशकांची नभोवाणी, चित्रपट आणि इतर गुरूंची तालीम होती. या जोडीत त्या रित्या हाताने आल्या नव्हत्या, हे नजरेआड केले की ‘थोरल्या बहिणीने धाकटीला पुढे आणले’ असा सोपा, कौटुंबिक जिव्हाळ्याचा अर्थ उरतो. तो चुकीचा नाही; अपुरा आहे.

या सहगायनाला घरातच एक पूर्वेतिहास होता आणि त्याकडे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष झाले आहे. अब्दुल करीम खाँ स्वतः तरुणपणी धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह गात असत; बडोदे दरबारी ही दोन भावांची जोडीच होती. पुढे ‘अब्दुल करीम खाँ’ हे नाव एकट्याने अखिल भारतीय झाले आणि अब्दुल हक हे चरित्रातल्या पहिल्या प्रकरणांपुरते राहिले. ज्या मुलींच्या नावातून वडिलांचे नाव गेले होते त्या मुलींनी सुमारे सत्तर वर्षांनी वडिलांनी मागे टाकलेलाच गायनप्रकार उचलला. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे सुचवण्याचे कारण नाही. पण वारसा म्हणजे केवळ राग, बंदिशी आणि आवाजाचा लगाव एवढेच नसून एकत्र गाण्याची रीत हाही वारसा असतो, आणि तो भावंडांच्या नात्यातून वाहतो, हे यावरून ध्यानात येते. वंशवृक्षाच्या आकृतीत ही रीत कोठे दाखवायची याला जागा नाही.

इतर भावंडांच्या जोड्यांशी तुलना केल्यास हे अधिक उठावदार होते. डागर घराण्यातील नासिर मोइनुद्दीन १९६६ साली निवर्तले, तेव्हा ही जोडी देशाबाहेरही कीर्ती पावली होती. त्यानंतर अमिनुद्दीन २००० पर्यंत हयात होते आणि एकट्याने ध्रुपद गात राहिले. त्यांच्या धाकट्या भावांच्या जोडीतील फैयाजुद्दीन १९८९ साली गेले. जहीरुद्दीन १९९४ मध्ये निधन होईपर्यंत आधी एकट्याने व मग पुतणे वासिफुद्दीन यांना सोबत घेऊन गायिले. या दोन्ही कथांत जोडी आधी आहे आणि एकटेपण नंतर. चरित्रकार एकटेपणाला शोकाचा सूर देतो. शामचौरासी घराण्याचे नजाकत अली आणि सलामत अली बालवयातच एकत्र गाऊ लागले, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, सत्तरच्या दशकात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९८४ साली नजाकत अली यांचे निधन झाले. येथे गायनातील आक्रमक, चमकदार बाजू धाकट्या सलामत अलींकडे होती. नावाचा क्रम मात्र वयाचाच राहिला. वार्त्तिककारांचा संकेत कलावंताच्या बळापेक्षा बळकट निघाला, असे गमतीने म्हणता येईल. सरस्वतीबाईंच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी स्वतंत्र कारकीर्द, मग जोडी, मग पुन्हा एकटीचा उत्तरकाळ. म्हणून शोकाच्या कथेचा साचा येथे बसत नाही आणि दुसरा साचा उपलब्ध नसल्यामुळे त्यांची कथा सांगितलीच जात नाही.

दक्षिणेकडील एक उदाहरण या संदर्भात अधिक जवळचे आहे. वीणा धनम्मल (१८६७–१९३८) यांच्या नाती टी. बृंदा (१९१२–१९९६) आणि टी. मुक्ता (१९१४–२००७) या सरस्वतीबाईंच्या जवळजवळ समवयस्क. ही तुलना अगदीच ओढून आणलेली नाही. अब्दुल करीम खाँ यांचा कर्नाटक संगीताशी निकटचा संबंध होता, त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली होती आणि त्यांचा अंतही दक्षिणेच्या प्रवासात झाला. बृंदा आणि मुक्ता यांचे घर मातृवंशीय होते. वारसा आजीकडून, आईकडून आणि मावश्यांकडून आला. जोडीला कांचीपुरम नैना पिळ्ळै यांची कठोर तालीमही मिळाली. देवदासी परंपरेतून आलेल्या या घराला १९४७ च्या मद्रास कायद्याच्या आगेमागे प्रतिष्ठेचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवावा लागला. ताराबाईंनी मुलांची नावे बदलून जे साधले, ते धनम्मल यांच्या घराण्याने आजीच्या नावाचा धागा न सोडता साधले. एका घरी नाव बदलून गाणे टिकवले गेले, दुसऱ्या घरी नाव टिकवून.

तथापि गायनप्रकाराच्या भेदामुळे धाकट्या बहिणीची श्राव्यता दोन्हीकडे वेगळी आहे. बृंदा आणि मुक्ता यांची कीर्ती क्षेत्रय्याच्या तेलुगू पदांशी निगडित आहे. पद ही रचना घट्ट असते. तिची वळणे, विलंब, गमक आधीच निश्चित झालेले असतात आणि दोघींनी ती एका श्वासात असल्यासारखी म्हणायची असतात. दोन आवाज जितके एक होतील तितके गाणे यशस्वी. तेथे धाकटी वेगळी ऐकू येणे हा जवळजवळ दोष ठरेल. ख्यालात बंदिशीचा शब्दभाग लहान, विस्तार मोठा आणि तो आळीपाळीने होणारा. म्हणून धाकटीची प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे ऐकू येते. संहितेचे स्वरूप बदलले की ‘जोडी’ या संकल्पनेचा अर्थही बदलतो. पदाच्या संदर्भात उत्तरपदाचे चरित्र लिहिणे खरोखरच अवघड आहे. ख्यालाच्या संदर्भात ते अवघड नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना कोणती फेरी कोणाची हे लिहून ठेवण्याचे कष्ट घेतले तर पुरे. ते कष्ट समीक्षेने घेतले नाहीत याची सबब गायनप्रकारात शोधता येत नाही.

अडचण बहुधा ‘साथ’ या शब्दात आहे. मराठीत साथ देणे म्हणजे सोबत करणे, पाठिंबा देणे. तबल्याची साथ, पेटीची साथ, तंबोऱ्याची साथ. हा शब्द प्रेमळ आहे आणि म्हणूनच तो मूल्यमापनाला बगल देतो. ‘सरस्वतीबाईंनी समर्थ साथ केली’ असे लिहिणारा लेखक स्तुतीच करीत असतो, पण त्या स्तुतीबरोबर त्या तबलजी आणि पेटीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतात. स्त्रीच्या बाबतीत तर या शब्दाला घरातल्या भूमिकेचाही रंग चढतो. धाकटी बहीण थोरलीला सांभाळून घेते, मिळवून घेते, हे जणू तिच्या स्वभावाचे वर्णन होते. गायकीचे वर्णन राहून जाते. सुरेशबाबूंचे निधन १९५३ साली झाले, तेव्हा या दोन बहिणींचा सामायिक गुरुबंधू गेला होता. त्यानंतरच्या सहगायनात ‘साथ’ कोण कोणाला देत होते हे एका बाजूने ठरवता येण्यासारखे नाही. साठी ओलांडलेल्या गायिकेच्या श्वासाला विसावा मिळावा म्हणून जोडी जमवली गेली, असे मानले, तरी विसाव्याच्या त्या आवर्तनांत राग पुढे नेणारा आवाज दुसरीचा होता.

१९७७ साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ प्रदर्शित झाला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात, गाणाऱ्या घरातील स्त्रियांच्या पिढ्यांचे नाते हा कथेचा महत्त्वाचा धागा आहे. वनराज भाटिया यांच्या संगीतात सरस्वतीबाईंनी आपली नात मीना फातर्पेकर यांच्यासह येथे पार्श्वगायन केले. हिराबाईंबरोबरचे सहगायन तेव्हा अजून चालू होते. म्हणजे त्याच काळात सरस्वतीबाई एका जोडीत उत्तरपद होत्या आणि दुसऱ्या जोडीत पूर्वपद. तरुण आवाजाला आधी वाट करून देणे आणि मग त्याच्याबरोबर त्याच वाटेने जाणे हे त्या स्वतः ज्या रीतीने शिकल्या होत्या त्याच रीतीने येथे घडते, फक्त स्थाने बदललेली आहेत. आत्मकथनावर बेतलेल्या, एकाच स्त्रीच्या जीवनाभोवती रचलेल्या चित्रपटाला शिक्षणाचा हा प्रसंग दाखवण्यासाठी दोन आवाजांची गरज पडावी, ही गोष्ट चरित्र या प्रकाराच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हिराबाई १९८९ मध्ये निवर्तल्या. सरस्वतीबाई त्यानंतर सतरा वर्षे, ऑक्टोबर २००६ पर्यंत, हयात होत्या. त्या गेल्या तेव्हा ताराबाईंनी नावे बदललेल्या पाच मुलांच्या पिढीतला, जोडीने गाणारा तो आवाज थांबला. दोघींच्या सहगायनाची ध्वनिमुद्रणे शिल्लक आहेत. त्यांवर थोरलीचे नाव आधी आहे. ऐकताना मात्र अनेक आवर्तने अशी येतात, की ज्यांत राग ज्या स्वरावर अडखळला असता तेथून त्याला पुढे नेणारा आवाज दुसरा आहे.